हरलेल्यांच्या गावी

अमेरिकेचा वायव्य कोपरा म्हटला की सिएटल शहर, सूचिपर्णी वृक्षांची घनदाट अरण्ये आणि रिपरिपणारा पाऊस असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सिएटलहून आग्नेयेस निघून कॅस्केड पर्वताची रांग ओलांडली, की हा देश एकाएकी आपले रूप पालटतो. पर्जन्याचे मेघ पर्वताच्या पश्चिम अंगावरच रिते होतात आणि पूर्वेकडे उरते ती विस्तीर्ण, वृक्षहीन, उंचसखल भूमी. आमच्या खानापूर तालुक्यातील मुसळधार पाहिलेल्या माणसास येथील पाऊस म्हणजे नुसता शिडकावा वाटावा. तरीही ही भूमी वांझ नाही. हजारो वर्षे वाऱ्याने आणून पसरलेली तिची माती मऊ असून, हिवाळ्यातील बर्फाचे व तुटपुंज्या पावसाचे पाणी ती पोटात साठवून ठेवते. म्हणूनच पाटाच्या पाण्यावाचून येथे गहू पिकतो, आणि तोही असा की दृष्टी पोहोचेल तेथवर दुसरे काही दिसूच नये. जूनच्या आरंभी आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा टेकड्यांमागून टेकड्या हिरव्या गव्हाने झाकल्या होत्या. कोठे कोठे त्या हिरव्यावर पिवळसर छटा चढू लागली होती, आणि वारा सुटला की साऱ्या टेकड्याच चालू लागल्यासारख्या भासत.

या प्रदेशात ब्लू पर्वताच्या पायथ्याशी वाला वाला नावाचे गाव वसलेले आहे. नाव ऐकून हसू येते खरे. पण ते तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील असून 'पुष्कळ पाण्यांचे ठिकाण' असा त्याचा अर्थ सांगतात. पर्वतातून उतरणाऱ्या ओढ्यांमुळे हे खोरे आसपासच्या मुलखाहून अधिक हिरवे राहिले आहे. येथील गोड कांदा फार प्रसिद्ध आहे. सुमारे १९०० साली एका फ्रेंच सैनिकाने कॉर्सिका बेटावरून त्याचे बी आणले आणि इटलीहून येऊन स्थायिक झालेल्या माळी कुटुंबांनी ते निगुतीने जोपासले. जमिनीत गंधक कमी असल्यामुळे या कांद्यास तिखटपणा बेताचाच. २००७ साली वॉशिंग्टन राज्याने त्यास आपल्या राज्याची भाजी म्हणून मान दिला. कॅथलिक वाचकांस कुतूहल वाटेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, १८४६ साली पोप नववे पायस यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी या गावाच्या नावाने एक स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला होता. कॅनडातील ब्लँशे हे त्याचे पहिले बिशप. तो धर्मप्रांत अल्पावधीतच विसर्जित झाला, आणि आज हे गाव स्पोकेन धर्मप्रांतात मोडते.

आमची एक भाची लग्नानंतर याच खोऱ्यातील एका लहानशा गावी येऊन राहिली आहे. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथे पंधरा दिवसांच्या मुक्कामास गेलो होतो. घरात भाची, भाचेजावई आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. ती नात्याने आमची नात. मराठी समजते चांगले, बोलते थोडे अडखळत, परंतु 'आजोबा' म्हणून हाक मारते ती मात्र अगदी बेळगावच्या मुलीसारखी. ही नात गावच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. हा संघ निवडक खेळाडूंचा नव्हे. जिला खेळावेसे वाटेल तिने नाव द्यावे, कोणाच्या तरी बापाने संध्याकाळी शिकवावे, आणि शनिवारी शेजारच्या गावाशी सामना खेळावा, असा हा निव्वळ करमणुकीचा मामला.

हा खेळ आपल्याकडे महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील शाळांच्या क्रीडास्पर्धांतून खेळला जातो. तथापि ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नऊ-नऊ जणांचे दोन संघ असतात. चौकोनी मैदानाच्या चार कोपऱ्यांस चार बेस, मोठ्यांच्या खेळात एकापासून दुसरा साठ फुटांवर. चेंडू फेकणारा आपला हात खांद्यावरून न आणता खालून, कमरेजवळून फिरवून चेंडू फेकतो. फलंदाजाने तो दांडूने टोलवावयाचा, धावत सुटावयाचे आणि तिन्ही बेस गाठीत पुन्हा घरच्या बेसवर यावयाचे, म्हणजे एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते, आणि असे सात डाव खेळले की सामना संपतो.

या खेळाच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. १८८७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात शिकागो येथील एका नौकाविहार मंडळाच्या दिवाणखान्यात काही तरुण येल व हार्वर्ड या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. येल जिंकल्याची वार्ता येताच त्या पक्षाच्या एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा एक जुना हातमोजा दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडे भिरकावला आणि त्याने तो काठीने परतविला. ते पाहून जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तो हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, केरसुणीच्या दांड्याची बॅट केली आणि तेथेच खेळ मांडला. जिंकलेल्याच्या उल्हासातून आणि हरलेल्याच्या प्रत्युत्तरातून हा खेळ जन्मास आला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. 'सॉफ्टबॉल' हे नाव त्यास १९२६ साली मिळाले. पुढे १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, जेव्हा लोकांच्या खिशात पैसा नव्हता व हातास काम नव्हते, तेव्हा थोड्या जागेत व थोड्या खर्चात होणारा हा खेळ गावोगाव पसरला. कारखान्यांचे, वाण्यांच्या दुकानांचे, अग्निशामक दलांचे, चर्चच्या तरुण मंडळांचे संघ निघाले. दिवसभर कष्ट करावे आणि सायंकाळी शेजाऱ्याशी खेळावे, असे त्याचे स्वरूप तेव्हा होते व बरेचसे आजही आहे.

आम्ही गेलो त्याच आठवड्याच्या शनिवारी नातीच्या संघाचा सामना होता. समोरचा संघ एका मोठ्या गावचा. त्यातील मुली उंच, सरावलेल्या, आणि त्यांची चेंडू फेकणारी मुलगी तर अशी की तिच्या हातून चेंडू केव्हा सुटला व केव्हा झेलणारीच्या हातमोज्यात आदळला, हे आम्हांस कडेला बसूनही कळेना. पाच डाव संपले तेव्हा त्यांच्या बारा धावा झाल्या होत्या आणि आमच्या मुलींची एक. इतक्यात पंचांनी दोन्ही हात वर करून सामना संपल्याचे जाहीर केले. मुलींनी रांगेने एकमेकींच्या तळहातास तळहात लावले, आणि मंडळी घोंगड्या, खुर्च्या गुंडाळून मोटारींकडे चालू लागली.

"सात डाव म्हणालात ना?" आम्ही भाचेजावयांस विचारले.

"होय मामा, पण पाच डावांनंतर आठ किंवा अधिक धावांची आघाडी असली तर सामना तेथेच थांबवितात. बहुतेक स्पर्धांत असाच नियम आहे. येथे त्यास मर्सी रूल म्हणतात, म्हणजे दयेचा नियम. हरणाऱ्या मुलींची आणखी शोभा होऊ नये, हा हेतू."

हेतू चांगला, हे आम्हांस तत्काळ पटले. परंतु घरी परतताना नात गाडीत मागे बसून खिडकीबाहेर पाहत राहिली. रात्री जेवणासही तिचे मन नव्हते. आईने जवळ घेतले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पुढच्या डावात पहिली माझीच पाळी होती." आणि थोड्या वेळाने, "मला आता नाही खेळायचं. त्यांना आमची दया आली."

लहान मुलांच्या दुःखांना आपण हसतो, कारण त्यांचे वजन आपणांस ठाऊक नसते. स्वतःच्या गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत, अकरा वर्षांच्या मुलीला जो पराभव सहन करावा लागला त्याहून तिला ती दया अधिक बोचली होती. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तिच्या आईपाशीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवारची मिस्सा आटोपल्यावर भाचेजावई म्हणाले, "मामा, चला, तुम्हांला पेंडल्टन दाखवून आणतो. वाटेत एक गोष्टही सांगेन." गोष्ट कोणासाठी होती हे आम्ही ओळखले; परंतु ओळखल्याचे दाखविले नाही.

वाला वालाहून पेंडल्टन चाळीस मैलांवर आहे. वाटेत वॉशिंग्टन राज्याची सीमा संपून ओरेगॉन राज्य लागते. पण सीमेची खूण एका पाटीपलीकडे काही नाही. इकडेही तीच माती व तोच गहू. सीमाभागात जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यांस त्या पाटीकडे वळून वळून पाहावेसे वाटले. मिल्टन-फ्रीवॉटर गावाभोवती सफरचंदांच्या व चेरीच्या बागा आहेत. त्या मागे पडल्या की पुन्हा उघड्या टेकड्या सुरू होतात. डाव्या हातास ब्लू पर्वत सतत सोबत करतो, आणि तो खरोखरच निळा दिसतो. पेंडल्टन जवळ येऊ लागले की उमॅटिला, केयूस व वाला वाला या तीन मूळ जमातींच्या राखीव भूमीतून रस्ता जातो. १८५५ सालच्या तहाने त्यांचा विशाल प्रदेश त्यांच्या हातून गेला आणि हा एवढा तुकडा उरला. हरणे हा शब्द किती हलका व किती जड असू शकतो, हे त्या वाटेवर एकाच वेळी मनात येते.

वाटेत भाचेजावयांनी जी गोष्ट सांगितली ती अशी.

१९२५ साली वाला वाला येथे एक मुलगा जन्मास आला. तान्हेपणीच तो दत्तक गेला. त्याचे बालपण सुखाचे नव्हते. शाळेत त्याचे चित्त लागले नाही. परंतु हातात सॉफ्टबॉल आला की मुलगा निराळाच होई. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या मरीन दलात होता. परतल्यावर पुढे त्याने एडी फेनर हे नाव धारण केले, आणि त्याच नावाने तो कीर्तीस चढला. त्याच्या हातून निघालेल्या चेंडूचा वेग ताशी शंभर मैलांहून अधिक भरला, असे सांगतात. चेंडू फेकणारा व फलंदाज यांच्यात अंतर अवघे शेहेचाळीस फुटांचे. म्हणजे चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापाशी पोहोचेपर्यंत सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. तेवढ्यात पाहावयाचे, ठरवावयाचे आणि दांडू फिरवावयाचा!

१९४६ साली पेंडल्टन येथे या फेनरच्या संघाशी सामना झाला. निकाल ३३ विरुद्ध शून्य.

"तेहतीस?" मागच्या आसनावरून प्रथमच आवाज आला. "मग कोणी थांबवलं नाही?"

"नाही," तिचे वडील म्हणाले. "पुढे ऐक तर."

सामना संपल्यावर शब्दाने शब्द वाढला. पुन्हा खेळण्याची भाषा निघाली. तेव्हा फेनर म्हणाला, तुमच्याशी खेळण्यास मला नऊ गडी कशाला हवेत? मी आणि माझा चेंडू झेलणारा, दोघे पुरे आहोत. परंतु फलंदाजी करताना दोघांचे भागणार नाही, म्हणून चौघे येऊ. आणि ठरल्याप्रमाणे चौघेच आले. एक फेकणारा, एक झेलणारा, एक पहिल्या बेसवर आणि एक मधल्या जागेत. मागचे सारे मैदान मोकळे. तरीही फेनरचे चौघे ७ विरुद्ध शून्य असे जिंकले, आणि नऊ जणांच्या संघातील एकही गडी पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोहोचू शकला नाही.

"चारच का? तीन का नाहीत?" नातीने विचारले. एव्हाना ती पुढे सरकून बसली होती.

वडील म्हणाले, "तूच सांग. तिन्ही बेसवर तुझे गडी उभे आहेत असं समज. मग?"

ती क्षणभर बोटे मोजीत राहिली आणि म्हणाली, "मग बॅटिंगला चौथा लागतोच." हे तिचे तिला सुचले, आणि तोंडावर आदल्या दिवसानंतर प्रथमच थोडे तेज आले.

पेंडल्टन हे उमॅटिला नदीच्या काठचे, टेकड्यांच्या कुशीत दडलेले गाव आहे. वरून येणाऱ्या रस्त्याने ते अखेरच्या वळणापर्यंत दिसतच नाही. या गावाची ख्याती निराळ्याच गोष्टींसाठी आहे. १९०९ पासून येथील गिरणीत लोकरीची सुंदर रंगीत कांबळी विणली जातात. मूळ रहिवाशांच्या घरी समारंभात ती आहेर म्हणून देण्याची चाल आहे. आणि १९१० पासून सप्टेंबर महिन्यात येथे घोडेस्वारांची मोठी जत्रा भरते. बेफाम घोड्यावर मांड ठोकून काही क्षण टिकून राहावयाचे, एवढाच त्यातील एक खेळ; आणि त्यात बहुतेक स्वार पडतात! पडलेला स्वार धूळ झटकतो, टोपी उचलतो व कुंपणाकडे चालू लागतो, आणि पाहणारे त्याच्यासाठीही टाळ्या वाजवितात. ज्या गावाने ही जत्रा शंभरांहून अधिक वर्षे चालविली आहे, त्या गावास पडण्याचे शिक्षण निराळे देण्याचे कारण नसावे.

गावातून फिरताना आमच्या मनात त्या नऊ जणांचा विचार घोळत होता. फेनरची कथा पुष्कळांनी लिहिली; पण त्या कथेत हरलेल्या नऊ जणांची नावे येत नाहीत. ते पुन्हा मैदानात उतरले, एवढेच त्यांच्याविषयी आपणांस कळते. ते घरी बसते तर त्यांना कोणी नावे ठेविली नसती. ३३ विरुद्ध शून्यानंतर पुन्हा त्याच माणसापुढे दांडू घेऊन उभे राहावयाचे, तेही समोर चारच गडी असताना, यात हसे होण्याचा संभव दुप्पट. नवांनी चौघांस हरविले तर त्यात शौर्य ते कसले, आणि चौघांकडून हरले तर तोंड लपवावयास जागा नाही. हे सारे डोळ्यांपुढे दिसत असूनही ते उभे राहिले. आणि ते उभे राहिले म्हणूनच पुढची कथा घडली.

कारण त्या चौघांच्या खेळातूनच फेनरचा जगप्रसिद्ध संघ निघाला. 'राजा आणि त्याचा दरबार' असे त्याचे नाव. हे चौघे गावोगाव फिरत आणि त्या त्या गावच्या पूर्ण संघाशी खेळत. फेनर डोळ्यांस पट्टी बांधून चेंडू फेकी, गुडघ्यांवर बसून फेकी, पाठीमागून फेकी; कधी दुसऱ्या बेसवर, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी फुटांवर, मागे जाऊन तेथून फेकी. १९६७ साली लॉस एंजेलिस येथील डॉजर स्टेडियमवर एका धर्मादाय सामन्यात त्याने बेसबॉलमधील विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे प्रभृती सहा नामांकित फलंदाजांस ओळीने बाद केले. त्याच्या संघाने दहा हजारांवर सामने खेळले. त्यांपैकी हजारावर ते हरलेही, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. २००० साली पक्षाघाताचा झटका येईपर्यंत फेनरने मैदान सोडले नाही. २००७ च्या फेब्रुवारीत वयाच्या ८१ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आता विचार करा, वाचकहो. या दहा हजार सामन्यांत समोर कोण होते? कोठे गिरणीतील कामगार, कोठे दूध घालणारे, कोठे शाळामास्तर. आपला संघ बहुधा हरणार हे ठाऊक असूनही गावकरी तिकिटे काढून येत. स्वतःच्याच माणसांची फजिती पाहण्यास कोणी पैसे मोजील काय? ते येत ते दुसऱ्या कशासाठी तरी. आपल्यातला एखादा, ज्याच्या दुकानातून आपण सकाळी साखर घेतली तो, त्या राजापुढे क्षणभर निर्भयपणे उभा राहतो हे पाहण्यासाठी. आणि चुकून त्याच्या दांडूस चेंडू लागलाच, तर त्या आवाजाची गोष्ट तो आपल्या नातवंडांस सांगत असेल.

पेंडल्टनला नदीकाठी एका बाकावर आम्ही बसलो असता नातीने आम्हांस विचारले, "आजोबा, तो चौघांनाच घेऊन आला, ती पण दयाच ना?"

प्रश्न साधा नव्हता. आम्ही तिला आमच्या लहानपणची गोष्ट सांगितली. आमच्या गल्लीत लगोरी, आट्यापाट्या खेळताना एखादे लहान मूल आले, तर त्यास 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेत. तो बाद झाला तरी बाद धरावयाचा नाही, आणि त्याने गडी बाद केला तरी त्याचा हिशेब नाही. मूल आनंदाने धावे. पण एके दिवशी त्यास कळे की आपण खेळात आहोत आणि नाहीही. त्या दिवशी ते रडत घरी जाई. आणि ज्या दिवशी मोठी मुले म्हणत, 'आजपासून तू पक्का, पण आम्ही एका पायावर पळू,' त्या दिवशी त्याची छाती फुगे, मग तो हरो की जिंको.

बलवानाने दुर्बळाशी वागण्याच्या या दोन रीती आहेत. एक, सामनाच थांबविणे. दुसरी, आपले काही बळ बाजूस ठेवून सामना चालू ठेवणे. पहिलीतही सद्भाव आहे, आणि मुलांच्या खेळात तिची गरजही पडते. उन्हात दमलेल्या, रडवेल्या मुलींवर पंचविसावी, तिसावी धाव चढविण्यात कोणाचेच हित नाही. परंतु तिने खेळणाऱ्याची पाळी जाते. दुसरीत पाळी राहते. फेनरच्या बोलण्यात फुशारकी होती, दया मुळीच नव्हती. तरीसुद्धा पाच गडी घरी ठेवून त्याने पेंडल्टनच्या नऊ जणांस जे दिले, ते नुसत्या गोड शब्दांनी देता आले नसते. त्याने त्यांना आणखी सात डाव दिले. आणि घेणाऱ्यांनी ते घेतले, हे तितकेच मोठे.

आम्ही हे सारे त्या मुलीस अशा भाषेत सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "बाळ, दया होती की नव्हती ते राहू दे. त्या नऊ जणांची बॅटिंगची पाळी गेली नाही, हे खरं." ती बराच वेळ नदीकडे पाहत होती. मग तिने वडिलांना विचारले, "पाचव्या डावाच्या शेवटी सात धावांनी मागे असलो, तर थांबवत नाहीत ना?"

"नाही. आठ झाल्या तर थांबवतात."

"म्हणजे सातनं हरलं तर चालतं."

"चालतं काय, पूर्ण सामना मिळतो."

परतीच्या वाटेवर तिने हा हिशेब पुन्हा पुन्हा केला. आठवडाभर रोज सायंकाळी अंगणात बाप चेंडू फेकी आणि मुलगी दांडू फिरवी. बाप जवळ येऊन उभा राहून जोराने फेकी, म्हणजे त्या उंच मुलीच्या चेंडूची सवय व्हावी. पहिले दोन दिवस एकही चेंडू दांडूस लागला नाही. भाची स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाही आणि काही बोलत नसे. संघातील आणखी तीन मुली सायकलींवरून येऊ लागल्या. बहुधा तो हिशेब त्यांनाही कळला असावा, कारण 'आठांच्या आत' हे शब्द आम्ही त्यांच्या तोंडी इंग्रजीत ऐकले.

पुढच्या शनिवारी वेळापत्रकाप्रमाणे त्याच संघाशी, या खेपेस त्यांच्या गावी, सामना होता. तो आम्ही पाहिला, आणि तो जिंकला गेला असे सांगता आले असते तर लेखास शोभा आली असती. तसे झाले नाही. समोरच्या मुली पूर्वीइतक्याच चांगल्या होत्या. पाचवा डाव संपला तेव्हा धावफलकावर ९ विरुद्ध २ असे आकडे होते. पंचांनी फलकाकडे पाहिले, आमच्या मुलींनी पंचांकडे पाहिले, आणि पंचांनी सहावा डाव सुरू करण्याची खूण केली. त्या क्षणी आमच्या बाजूच्या बाकावरून जो आरडाओरडा झाला, तो ऐकून समोरच्या गावच्या मंडळींस वाटले असेल की या लोकांना धावा मोजता येत नाहीत!

सहाव्या डावात आमची नात फलंदाजीस गेली. पहिला चेंडू तिच्या दांडूखालून निघून गेला. दुसऱ्याला तिने हातच लावला नाही. तिसरा दांडूस लागला. स्वच्छ, टणत्कार करीत लागला, आणि जमिनीवरून सरपटत गेला. समोरच्या मुलीने तो चपळाईने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि नात बाद झाली. ती धावतच परत आली. त्या डावात आमच्या मुलींनी एक धाव केली, त्यांनीही एक केली. सातव्यात आमच्या मुलींना काही जमले नाही. सामना १० विरुद्ध ३ असा संपला.

पुन्हा रांगा झाल्या, तळहातास तळहात लागले. आमच्या मुलींनी या वेळी खाली पाहिले नाही. ती उंच मुलगी नातीपाशी क्षणभर थांबली आणि काहीतरी बोलून पुढे गेली. गाडीत बसल्यावर आईने विचारले, "काय म्हणाली गं ती?"

"म्हणाली, यू हिट मी," नात सांगू लागली, आणि मग आमच्यासाठी मराठीत जुळवाजुळव करून म्हणाली, "म्हणजे, तू माझा चेंडू मारलास."

मग तिने भूक लागल्याचे सांगितले आणि आईने पिशवीतून पोळीचा डबा काढला.